मामांचं नाव बारीक

सायलीच्या लग्नाची पत्रिका छापायची नाही, वेबपेजवर टाकायची, असं तिच्या धाकट्या बहिणीनं, तेजश्रीनं ठरवलं आणि निमोणे गावातली शांतता संपली.

तिनं निमंत्रकांची यादी केली आणि वेबपेजचा ‘फर्स्ट-चाइल्ड’ नावाचा नियम लावून पहिलं नाव तेवढं मोठं, ठळक केशरी केलं. पहिले होते चुलत आजोबा, सर्जेराव आबा. वय एकाहत्तर, पण ब्राउझरच्या लेखी पहिलं पोर.

दुसरे दौंडचे पोपटराव मामा. त्यांचा फोन आला.

“आमचं नाव बारीक दिसतंय. औषधाच्या बाटलीवर असतंय तसं.”

“मामा, ते नियमानं आपोआप होतं.”

“मग नियमालाच म्हण, नवरीला मांडवात घेऊन ये. आमी काय येत न्हाई.”

सायली अर्ध्या मेंदीच्या हातांनी रडायला बसली. नवरीला बोहल्यावर आणणार मामाच, आणि मामा एकच. लग्न परवावर.

तेजश्रीनं सिलेक्टर बदलून सगळीच नावं मोठी केली. लगेच आबा काठी टेकत आले.

“सगळेच मोठे म्हंजी कुणीच न्हाई. ह्ये काय लावलंय?”

“आबा, सिलेक्टर म्हणजे कुणाला सजवायचं ते सांगणं. काही सिलेक्टर त्या घडीची परिस्थिती बघतात. जो पहिला असेल तो, नाहीतर ज्याच्यावर बोट असेल तो.”

“सरपंचासारखं. खुर्चीत हाय तवर.”

“व्हय,” म्हणताना तेजश्री थांबली. बोट.

तिनं ‘फर्स्ट-चाइल्ड’ काढून ‘होव्हर’ लावलं. आता सगळी नावं बारीक. बोट लावलं की तेवढंच कलिंगडाएवढं. कुणीही माणूस आधी दुसऱ्याच्या नावाला बोट लावत नाही, यावर तिचा भरवसा होता.

मामांचा फोन आला. “आता कसं. पण आबांचं लईच बारीक केलंस. वाईट वाटलं.”

स्क्रीनवर दुसरीकडं बोट लागलं की नाव पुन्हा बारीक होई. म्हणून त्यानंतर मामा आणि आबा, दोघांनीही फोन उचलणं बंद केलं. मांडववाला आबांना सतरा वेळा फोन करून शेवटी स्वतःच आला.

मुहूर्ताला मामा हजर. सायलीला त्यांनी एका हातानं धरून आणलं; दुसऱ्या हातात फोन, त्यावर त्यांचं नाव कलिंगडाएवढं. अंतरपाट धरायची वेळ आली, तेव्हा तेजश्रीला बोलावून त्यांनी फोन तिच्या तळहातावर अलगद ठेवला.

“हलू नको. मंगलाष्टकं होऊस्तवर.”

पाठोपाठ आबांनीही आपला आणून दुसऱ्या तळहातावर ठेवला.

बहिणीचं लग्न तेजश्रीनं दोन्ही हात पुढं करून, शिंक दाबून पाहिलं.