पाचवा मासा

जलशुद्धीकरण केंद्रात माझं काम मासे बघणं. नदीचं कच्चं पाणी आधी माझ्या काचेच्या टाकीतून जातं. टाकीत पाच मासे. पाचही मेले तर पंप बंद करायचा, असा नियम. नदी चार सरकारांच्या हद्दीतून येते आणि आम्ही सगळ्यात खाली. वरच्यांचं आटपलं की उरेल ते आमचं.

मंगळवारी सकाळी पाण्याला बूट पॉलिशचा वास आला. दहापर्यंत चार मासे उलटे झाले. पाचवा आडवा पोहत होता, एका डोळ्याने छत बघत.

साहेबांनी वाकून विचारलं, "मेलाय?"

"मरायला टेकलाय, साहेब."

"टेकलाय असा रकाना आहे का रजिस्टरात?"

नव्हता. साहेब निघून गेले. मी वरच्या गावातल्या केंद्राला फोन लावला. तिथला ऑपरेटर म्हणाला, "आमचे मासे ठणठणीत! प्लास्टिकचे आणलेत. खरे टिकतच नव्हते, राव."

ताईचं घर आमच्या भिंतीपलीकडे. सातवा महिना. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. तिला फोन केला.

"ताई, नळाचं पिऊ नकोस. मासे मरतायत."

"मग काय पिऊ, तुझं रक्त?"

"बाटल्या आण."

"दुकानातल्या संपल्या. तुझ्या साहेबांच्या बायकोने सकाळीच सगळी खोकी उचलली."

मी अकरापर्यंत वाट बघितली. मासा काही मरेना. शेवटी बाही वर केली, त्याला मुठीत धरून पाण्याबाहेर काढलं आणि तो थांबेपर्यंत धरून ठेवला. 'पाच' लिहिलं. पंप बंद केला.

पाऊण तासाने साहेब धावत आले; घरचं वॉशिंग मशीन मधेच अडकलं होतं. त्यांनी जमिनीवरचा मासा बघितला, मग माझ्या हाताला चिकटलेले खवले.

"हा पाण्याने मेला की तुझ्यामुळे?"

मी हात पँटला पुसला.

"हाताने मारलेला धरत नाहीत." त्यांनी पंप सुरू केला. मला एका माशाबद्दल नोटीस मिळाली. चारांबद्दल कुणालाच नाही.

तेवढ्यात ताईचा फोन.

"मधे पाणी गेलं होतं रे. म्हटलं, माझ्या भावाने बंद केलं! आता परत आलं, म्हणजे नीट बघूनच सोडलं असणार तू. दोन पेले गटागट प्यायले बघ."

मी विचारलं, "वास नाही आला?"

"पहिल्या पेल्याला आला," ताई म्हणाली. "दुसऱ्याला नाही."