कचऱ्यात टाकलेला ठिपका

रोज सकाळी ताईंच्या पडद्यावर आकाशाचे दोनेकशे तुकडे यायचे. आदल्या रात्रीचं चित्र, त्याच जागेचं जुनं चित्र आणि दोघांची वजाबाकी. वजाबाकीत ठिपका उरला तर तो एकतर नवा तारा, नाहीतर कॅमेऱ्यातला डाग. 'खरा' किंवा 'कचरा', एक बटण दाबायचं. ताईंच्या नजरेवर वेधशाळेत सगळ्यांचा भरवसा होता. त्यांचा स्वतःचा तर जरा जास्तच.

सोमवारी एका तुकड्याखाली दुर्बीण चालवणाऱ्या काकांनी टीप लिहिली होती : 'दीर्घिकेच्या कडेला नवा ठिपका. दोनदा पाहिला. आज अंधार पडताच वर्णपट घ्यावा, उद्यावर टाकू नये.' काकांच्या टिपा रोजच्याच. ताईंनी टीप वाचली, ठिपका पाहिलाच नाही, आणि बटण दाबलं. कचरा.

शुक्रवारी दुसऱ्या वेधशाळेने जाहीर केलं की नेमका तिथेच एक अवाढव्य तारा फुटलाय. अशा ताऱ्याचा गाभा क्षणात कोसळतो, पण धक्का पृष्ठभागापर्यंत यायला तास लागतात. मग जी पहिली लखलख होते, ती एखाद-दोन दिवसांत ओसरते. तिचा वर्णपट कुणाकडेच नव्हता.

बैठकीत संचालक म्हणाले, "आपली दुर्बीण तिथेच रोखलेली होती ना? मग निसटला कसा?"

मग ते काकांकडे वळले.

"काका, दुर्बीण हलली असणार तुमची. चित्रात फराटे उठले असतील."

काकांनी ताईंकडे पाहिलंसुद्धा नाही. "असेल साहेब. वय झालं, तिचंही आणि माझंही."

सगळे हसले. ताईही हसल्या.

"म्हणूनच म्हणतो, पुढच्या महिन्यापासून रात्रपाळी संगणकावर सोपवू. काकांना आराम."

बैठक संपेपर्यंत ताई समोरच्या कागदावर रेघोट्या ओढत राहिल्या.

दुपारी त्या नियंत्रण कक्षात गेल्या. काका खणातलं सामान पिशवीत भरत होते.

"काका, बोलला का नाहीत? टीप आहे ना तुमची."

"टिपेखाली बटण कुणी दाबलं तेही आहे. चारचौघांत ते मी कशाला वाचून दाखवू?"

"मी चित्र पाहिलंच नव्हतं. टीप तुमची, म्हणून पाहिलं नाही."

"ठाऊक आहे, ताई."

"कधीपासून?"

"झाली की चार-पाच वर्षं. तरी लिहायचो. एखादा दिवस बघाल म्हणून."

त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर ताईंना उभं राहणं सोपं गेलं असतं.

खोलीत परतून त्यांनी पत्र लिहायला घेतलं. 'हा तारा सोमवारी पहाटे दुर्बीणचालकांनी पाहिला होता. दुर्बीण हलली नव्हती. वर्णपटाची त्यांची सूचना माझ्याकडून नजरचुकीने राहिली.' शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, खोडलं, आणि लिहिलं : 'त्यांची सूचना मी चित्र न पाहताच फेटाळली. रात्रपाळीचा निर्णय हे लक्षात घेऊन व्हावा.'

बैठकीतल्या प्रत्येकाला त्यांनी ते धाडलं. थोड्या वेळाने व्हरांड्यात एकेक दार उघडल्याचा आवाज येऊ लागला. ताईंनी आपलं दार लावून घेतलं नाही.