पांढऱ्या दगडाखालचं हिरवं

ऑकलंडच्या विमानतळावर तपासणीच्या टेबलापलीकडच्या मुलीनं लोकरीचा मोजा उलटा केला, तसा मोठ्या पेरूएवढा एक पांढरा दगड धप्पकन बाहेर पडला.

"अहो, हा इथंही आणलात?" श्यामलाबाईंनी कपाळाला हात लावला. "वजन वाढतंय म्हणून माझी अर्धा किलो भाजणी काढून ठेवायला लावलीत, ती याच्यासाठी?"

राजारामांनी टेबलावरच्या कार्डाकडे बोट दाखवलं. सोबत काय आणलंय ते विमानातच भरून द्यायच्या त्या कार्डावर त्यांनी 'दगड' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. कायद्यानं त्यांची बाजू भक्कम होती. बायकोपुढे कायदा चालत नाही, एवढंच.

टेबलापलीकडची मुलगी मात्र खुदकन हसली. "काकू, भाजणी मीही आईकडून मागवते. नाशिकची आहे मी, अनुया." मग तिनं हातमोजे घातले. "काका, हा कुठला?"

"ओमानचा. रस्त्यांच्या सर्व्हेवर सोळा वर्षं होतो तिथं. नजर जाईल तिथवर नुसते दगड. झाड नाही, झुडूप नाही. शेवटच्या दिवशी एक उचलून आणला. काळजी करू नका, त्याच्यावर काही जगत नाही. तिथं कशावरच काही जगत नाही."

अनुयानं दगड दिव्याखाली धरला. दुधी काचेसारखा, किंचित आरपार. तो फिरवता फिरवता ती थांबली, भिंग आणलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिली. ऑकलंडला उतरल्या उतरल्या आपण काय पाप केलं, या विचारानं राजारामांनी चष्मा काढून पुसला.

"काका, हा हिरवा पट्टा कसला?"

"तांब्याचा अंश असेल. पूर्वीपासून आहे."

"तांबं नाही हे. शेवाळाच्या जातीतलं आहे." तिनं भिंग त्यांच्या हातात दिलं. "हा भाग मातीत रुतलेला होता ना? वर उन्हात होरपळायला होतं, म्हणून हे जीव दगडाखाली राहतात. दगड पांढरा, त्यामुळे थोडा उजेड झिरपून खाली पोचतो. रात्रीचं दव दगडावरून ओघळून खाली जातं. तेवढ्यावर त्यांचं भागतं. कॉलेजात शिकले होते, प्रत्यक्षात आज पाहतेय!"

राजारामांनी भिंगातून पाहिलं. वीस वर्षं पुण्याच्या शोकेसमध्ये ठेवलेल्या त्या दगडाच्या पोटाला पोपटी, बारीक साय धरलेली होती.

"जिवंत आहे?"

"मेलेलंही असेल. पण यांना वर्षानुवर्षं कोरडं पडून राहायची सवय असते. पाणी मिळालं की उठतात." तिनं आवाज खाली आणला. "म्हणूनच तसाच नाही नेता येणार, बाहेरचे जीव या देशात आणायला बंदी आहे. भट्टीत तापवून परत देऊ शकते, पण त्यात हे मरेल. नाहीतर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला देता येईल, त्यांच्याकडे परवाना आहे. मग दगड मात्र परत मिळणार नाही."

श्यामलाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. या दगडावरून त्यांनी किती कुरकुर केली होती, आणि किती वेळा पदरानं पुसला होता.

राजारामांनी दगड तळहातावर तोलला, हिरवी बाजू वर करून क्षणभर धरला.

"प्रयोगशाळेला द्या," ते म्हणाले. "आणि त्यांना सांगा, पाणी बेतानं. एकदम ओतू नका."

बाहेर मुलगा शंतनू आणि सात वर्षांची नात इशिता वाट बघत होते. गाडी शंतनूच्या घराकडे, अवोन्डेलच्या रस्त्याला लागली तरी राजारामांच्या डोक्यातून दगड जाईना; त्या उजाड ओमानबद्दल ते बोलतच होते.

"आबा, देअर वॉज नथिंग देअर? रिअली?" इशितानं विचारलं.

"काही म्हणजे काही नाही," ते सवयीनं म्हणाले. मग हळूच म्हणाले, "एक सरडा होता. तापलेल्या दगडावर पाय भाजतात म्हणून आळीपाळीनं एकेक उचलायचा. असा." त्यांनी हात उचलून दाखवले. इशिता खिदळली.

"आणि मुंग्या. पहाटे धुकं पडायचं, दगड ओले व्हायचे, त्या पाणी प्यायला यायच्या. फटीत इवलीशी झुडपंही होती, करंगळीएवढी." आता ते पुढच्या सीटवरून मागे वळून बसले होते. "आणि एक पक्षी. भुरा. दोन दगडांच्या मध्ये उघड्यावर अंडी घातलेली, तीही दगडासारखीच दिसणारी. भर दुपारी तो त्यांच्यावर पंख पसरून उभा, सावली धरून. आमच्या रस्त्याच्या आखणीची खुंटी नेमकी तिथं येत होती. मी नकाशावर बारा फूट सरकवली. साहेबाला सांगितलं, खाली खडक लागतोय."

गाडी चालवता चालवता शंतनू मोठ्यानं हसला. "बाबा, तुम्ही खोटं बोललात?"

"एकदाच."

मागच्या सीटवर श्यामलाबाई हसल्या नाहीत. खिडकीबाहेर हिरव्यागार टेकडीवर मेंढ्या चरत होत्या. त्या तिकडे बघत होत्या.

"दर वर्षी विचारायचे मी, येऊ का म्हणून," त्या म्हणाल्या. "म्हणायचात, तिथं बघण्यासारखं काही नाही."

राजाराम पुन्हा पुढे तोंड करून बसले. शंतनूनं उगाचच गिअर बदलला.

"मी आले असते," श्यामलाबाई म्हणाल्या.

गाडी सिग्नलला थांबली. त्यांनी पुढे वाकून नवऱ्याच्या खांद्यावरची सरकलेली शाल नीट केली.

"बरं, पिल्लं निघाली का त्या पक्ष्याची? नीट सांगा. पहिल्यापासून."