आसनाचं माप

लाज तुम्हाला वाटली, साहेब, आणि पँट फाटली उज्वलाची. हे आधी तोंडावर सांगितलेलं बरं. पुढचं ऐकताना मान खाली घालायची की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

उज्वला वीज ऑफिसात तारा जोडायचं काम करते. वणीच्या अलीकडची चार-पाच गावं आणि त्यांच्यामधल्या द्राक्षबागांतले खांब तिच्याकडे आहेत. गावात तिला वायरमनबाई म्हणतात. 'मन' आणि 'बाई' एका शब्दात कसे नांदतात याचा विचार कुणी केला नाही. लाइट गेली की हाक मारायची, "ओ वायरमनबाई," आणि ती शिडी घेऊन यायची. एवढं साधं होतं.

मग ऑफिसने नवा गणवेश काढला. शर्ट आणि सहा खिशांची कार्गो पँट. उज्वलाला खरोखर आनंद झाला. आजवर ती नवऱ्याची जुनी पँट कमरेला नाडी आवळून घालत होती. पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी सगळं खांद्याच्या पिशवीत, आणि ती पिशवी नेमकी वर गेल्यावर कशात तरी अडकायची. मांडीवर खिसा म्हणजे हात घातला की पक्कड. खांबावर ही चैन नसते, गरज असते.

माप घ्यायला ठेकेदाराचा शिंपी ऑफिसात आला. पुरुषांची रांग लागली. टेप फिरत होती, टिंगल चालली होती.

"हिरामण अण्णाच्या पोटाला टेप पुरंना, दुसरी जोडा रे!"

"जोडा की. खात्याचं कापड हाय, तुमच्या बापाचं नाय," हिरामण म्हणाला. तो उज्वलाचा जोडीदार. ती वर चढली की शिडी धरायचा.

उज्वला रांगेत पुढे आली तसा शिंप्याने टेप गळ्यात टाकली आणि केबिनकडे बघितलं. साहेब दारात आले.

"छे, छे! मॅडमना रांगेत काय उभं करता? बायकांचं माप असं चारचौघांत घेणं बरं दिसतं का?"

"मग मी घरून घेऊन येते, साहेब. जाऊबाई घेतील."

"एवढं कशाला? ड्रेस कोणत्या नंबरचा घालता तेवढं सांगा."

"ड्रेस एल. पण ड्रेसच्या नंबरावर पँट कशी शिवणार? मांडी राहिली, आसन राहिलं…"

आसन म्हणजे पँटचे दोन पाय जिथे एकत्र येतात तो जोड. शब्द शिंप्यांचा, रोजचा. पण बाईच्या तोंडून निघाला आणि साहेबांचं तोंड चहात माशी दिसल्यासारखं झालं.

"मॅडम, शब्द जरा जपून."

शिंप्याने लिहिलं, एल.

पँट आली ती चकचकीत, घामाला चिकटणारी. कमरेत मूठ जाईल एवढी ढिली आणि मांडीत अशी घट्ट की खिशात पक्कड घातली तर पाय वाकेना. आसन तर इतकं आखूड की खुर्चीत बसतानाही शिवण टोचायची. उज्वलाने परत दिली. परत आली. "बदलून मिळत नाही" असा निरोप, वर हेडक्लार्क बडे बाबूंचा सल्ला: "भात कमी करा, मॅडम." सगळे हसले. हसणं झाल्यावर हुकूम आला की गणवेशाशिवाय लाइनवर जायचं नाही.

ती तीच घालून गेली.

त्या दिवशी गावात आठवड्याचा बाजार होता. चौकातल्या खांबावरचा जोड जळाला होता. हिरामणने सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करून घेतली, शिडी लावली. उज्वला चढली, पट्टा बांधला आणि आडव्या लोखंडी पट्टीवर टेकायला उजवा पाय उचलला.

चर्रकन आवाज झाला. मागून पुढपर्यंत.

खाली कांदा-बटाट्याच्या पाट्यांमागून आधी एक हसू आलं, मग चार. मग मोबाइल वर झाले. कुणी एक ओरडला, "वायरमनबाई, लाइट लागली!" आणि अख्ख्या बाजाराने दात काढले. पोरांच्या मागे त्यांचे बाप उभे होते. त्यांच्याही हातात मोबाइल. घरी लाइट गेली की 'ताई, लवकर या' म्हणणारे हेच लोक. खांबाची उंची तिला कधी लागली नव्हती. हे खालचं लागलं.

"माघारी फिरा रे भडव्यांनो!" हिरामण शिडी सोडता येईना म्हणून जागेवरूनच बोंबलत होता. "उज्वले, उतर खाली!"

"जोड अर्धा आवळलाय, अण्णा."

"मरू दे जोड!"

"लाइन चालू झाली की कच्चा जोड जळून तार यांच्याच डोक्यावर येईल."

खाली बाजार भरलेला. तिने पान्याने नट आवळला. खात्रीसाठी पुन्हा एकदा आवळला. फोटो काढणाऱ्यांची डोकी वाचवण्यासाठी ती त्यांच्या डोक्यावर फाटक्या पँटीत उभी राहिली. मग उतरली. हिरामणने गळ्यातला टॉवेल काढून, तिच्याकडे न बघता, पुढे केला. तो तिने कमरेला गुंडाळला.

ती घरी पोचायच्या आत क्लिप ऑफिसच्या ग्रुपवर पोचली. कुणी डोळे झाकणारं माकड टाकलं, कुणी जोडलेले हात. बडे बाबूंनी लिहिलं, 'शॉक बसला वाटतं.' आणि साहेबांनी काय करावं? ग्रुप त्यांचा. क्लिप काढून टाकायला एक बोट पुरलं असतं. त्या बोटाने त्यांनी लिहिलं, 'महिला कर्मचाऱ्यांनी पोशाखाचे भान ठेवावे.' क्लिप तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी चहावाल्यानेही ती पाहिली होती.

रडायला उज्वलाला वेळ नव्हता. तिला पँट हवी होती. सुट्टीच्या दिवशी ती नाशिकला गेली. मेन रोडवरच्या दुकानात पोऱ्याने बायकांच्या कार्गो दाखवल्या. खिसा उघडून बघितला तर आत काहीच नाही, नुसतं झाकण शिवलेलं.

"ह्यात ठेवायचं काय?"

"ठेवायचं नसतं हो ताई, फॅशन असते."

"खिसा खोटा, आणि पैसे खरे?" असं म्हणून ती दुकानाच्या पायऱ्या उतरली आणि रिक्षाने सरळ देवळाली कॅम्प गाठला. तिथे फौजींचे कपडे शिवणारे शिंपी आहेत. एका बोळातल्या फकिरा टेलरच्या दुकानात ती शिरली.

"खांबावर चढायची पँट हवी," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने चश्म्यावरून बघितलं. मग आत हाक मारली, "चतुरा, टेप घेऊन ये." त्याची बायको चतुराबाई पदर खोचत आली, पडदा ओढला आणि उज्वलाची कंबर, मांडी, गुडघा, आसन मापून आकडे मोठ्याने बाहेर सांगत गेली. बाहेर फकिरा ते खडूने फळीवर लिहीत होता. एवढंच. आभाळ कोसळलं नाही, संस्कृती बुडाली नाही. चतुराबाईने फक्त विचारलं, "जेवण धरून कंबर ठेवू, की उपाशी धरून?"

"जेवण धरून, मावशी."

कापड तिने हाताने चोळून निवडलं. जीन्स नको, भिजली की दगड होते. चकचकीत तर नकोच, ठिणगी पडली की कातडीला चिकटतं. जाड सुती घेतलं, खाकीच्या जवळचं. खिसे मांडीवर जरा खाली, म्हणजे पट्ट्याखाली दबणार नाहीत. झाकणाला बटण, कारण वेल्क्रोच्या पट्टीत बाभळीचे काटे आणि गवताची कुसळं भरतात. आसनात चौकोनी तुकडा जोडून दुहेरी शिवण. तयार झाली तेव्हा चतुराबाईने तिला दुकानातच उकिडवं बसवलं, मग स्टुलावर पाय टाकायला लावला.

"टोचतंय?"

"नाही."

"मग जा, चढ आकाशात."

त्या पँटीत ती खरोखर पोरीसारखी चढायला लागली. हिरामण म्हणाला, "आता लय झाक. मलाबी एक सांग त्यांना. पोट धरून." आणि तिसऱ्याच दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"हा आपला गणवेश नाही, मॅडम."

"गणवेश फाटला, साहेब. तुम्ही बघितलाय."

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. "त्याबद्दलच बोलायचं होतं. झालं ते वाईट झालं. तुमच्या इज्जतीचा प्रश्न आहे. म्हणून आम्ही ठरवलंय, यापुढे महिलांनी खांबावर जायचं नाही. तुम्ही तक्रार खिडकीवर बसा. पंखा आहे, सावली आहे. तुमच्याच भल्याचं आहे."

दाराशी बडे बाबू कान लावून उभे होते. उज्वलाच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. बाजारातल्या हसण्यापेक्षा ही गोड बोली जास्त घाण होती. त्या हसण्याने तिची पँट पाहिली होती. ही बोली तिचं काम काढून घेत होती आणि वर उपकार केल्यासारखी हसत होती.

"क्लिप काढणाऱ्यांना काय शिक्षा?"

"आता ते कुठे शोधायचे?"

"बाहेरचे सोडा. ग्रुपवरचे? नावानिशी आहेत."

"मॅडम, विषय वाढवू नका."

"पँट तुमच्या ठेकेदाराने शिवली. माप तुम्ही घेऊ दिलं नाही. मोबाइल दुसऱ्यांनी उचलले. आणि खांबावरून खाली मी?"

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्हाला समजत नाहीये. उद्यापासून खिडकीवर या."

उज्वला हलली नाही. बाहेर हिरामण शिडी गाडीला बांधून हॉर्न वाजवत होता. कुठल्यातरी बागेतला पंप बंद पडला होता, कुणीतरी वायरमनबाईची वाट बघत होतं. तिने मागे हात घालून दार सताड उघडलं. बडे बाबू धडपडले. टेबलांवरच्या माना वर झाल्या.

"मी खिडकीवर बसणार नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी आत्ता लाइनवर चाललेय. अडवायचं असेल तर कारण सांगून अडवा. भलं, इज्जत, शोभा हे शब्द नकोत. मी काम चुकवलं? जोड कच्चा सोडला? की माझ्यामुळे तुम्हाला तुमची नजर दिसली, म्हणून मला नजरेआड करताय? इकडं बघा, साहेब. खिडकीत काय बघताय? मला खांबावरून कोणत्या गुन्ह्यासाठी उतरवताय, ते इथं, सगळ्यांसमोर, तुमच्या तोंडाने सांगा."