परक्या हाताची फरसबी

माझी बायको डावखुरी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच आहे.

मी पावाच्या भट्टीवर कामाला आहे. उजाडायच्या आत घर सोडतो आणि दुपारी परततो. ती चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला जाते. मी येतो तेव्हा ती नुकतीच निघालेली असते, आणि ती येते तेव्हा मी घोरत असतो. सकाळी ती पोरीचं आवरून तिला शाळेत सोडते, दुपारी मी आणतो. पोरीला एकटं राहावं लागू नये म्हणून ही सोय. सुट्टी आठवड्यातून एक, तीही धुणं आणि बाजारहाट यांतच जाते. लोक विचारतात, अरे, मग तुम्ही भेटता कधी? भेटतो की. भाजीत भेटतो.

म्हणजे असं, की भाजी ती चिरते आणि शिजवतो मी. तिला गॅसपुढे उभं राहवत नाही आणि मला सुरी धरायचा कंटाळा. लग्नानंतर लगेच ही वाटणी करून टाकली आणि ती टिकली. चिठ्ठ्या लिहायची दोघांनाही सवय नाही, आणि भट्टीच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. पण ओट्यावर ताटाखाली झाकलेली भाजी सगळं सांगते. बटाट्याच्या फोडी ओबडधोबड असल्या की समजायचं, पोरीने सकाळी छळलंय. कांदा अर्धाच चिरलेला असला की निघायला उशीर झालाय. टोमॅटोचे नुसते चार तुकडे असले की माझ्यावर राग आहे, आणि का आहे ते आपलं आपण आठवायचं. मीही माझ्या परीने उत्तर देतो. समेट करायचा असला की भाताच्या पातेल्याची खरपूस खरवड तिच्यासाठी राखून ठेवतो. तिला ती फार आवडते.

तर एके दिवशी ताट उचललं आणि खाली गाजराच्या चकत्या अशा, की बघत राहावं. पातळ, एकसारख्या, जरा तिरप्या कापलेल्या. दुसऱ्या दिवशी कोबी तसाच, अगदी दोऱ्यासारखा. मग दुधी, मग ढोबळी मिरची. मी हरखून गेलो. इतक्या वर्षांनी बायकोला आपला पुळका आलाय म्हटल्यावर कोणता नवरा हरखणार नाही? मी रोज खरवड ठेवू लागलो. भट्टीवर शीळ घालू लागलो. शेवटी न राहवून तिथल्या माझ्या जोडीदार कामगारापाशी फुशारकी मारली. तो पाव काढता काढता म्हणाला, जपून राहा बाबा, बायको विनाकारण गोड वागायला लागली की चौकशी करावी.

मी हसण्यावारी नेलं, पण माणसाने डोक्यात किडा सोडला तो सोडलाच. त्या दुपारी गाजराच्या चकत्या एकेक हातात घेऊन पाहिल्या. बायको डाव्या हाताने कापते, त्यामुळे तिची तिरपी चकती नेहमी एका अंगाला झुकते. या दुसऱ्या अंगाला झुकल्या होत्या. झाडून सगळ्या. बरं, हात नुसता उजवा नव्हता, कसलेला होता. घरच्यापुरतं चिरणारा हात वेगळा आणि पंगतीच्या पंगती जेवू घालणारा हात वेगळा, एवढं मला पिठात हात घालून घालून कळतं.

तिच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एक आचारी आहे. मी त्याला पाहिलेलं नाही. पण ती एकदा जेवता जेवता बोलून गेली होती, की त्याच्या हाताला चव आहे. हे वाक्य मी गिळलं होतं, पचवलं नव्हतं. माझ्या हाताला चव आहे असं ती आजवर कधी म्हणालेली नाही. आता तो मला दिसायला लागला: माझ्या ओट्यापाशी उभा, माझ्या सुरीने माझी गाजरं कापतोय, आणि ही शेजारी उभी राहून हसतेय. सरळ सांगतो, मी जळत होतो. भट्टीची धग त्यापुढे काहीच नाही. आणि सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की इतके दिवस मी त्या गड्याच्या चकत्यांत बायकोचं प्रेम वाचत होतो, आणि खरवड ठेवून त्याला लाडाने उत्तरं देत होतो.

पोरीला आडून विचारलं, सकाळी आपल्या घरी कोण येतं गं? ती म्हणाली, आई येते, मला शाळेत सोडून. त्या कार्टीकडून याहून जास्त काही निघालं नाही. सुट्टीच्या दिवशी बायकोच्या हातात गाजर आणि सुरी दिली आणि समोर बसून पाहत राहिलो. जाडजूड तुकडे, डाव्या हाताचे. माझ्या तोंडाकडे काय बघतोयस, म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. विचारायची हिंमत झाली नाही. तिने हो म्हटलं असतं तर मी काय करणार होतो?

मग एका सकाळी मी पोटात दुखतंय म्हणून सांगितलं, भट्टी जोडीदाराच्या गळ्यात घातली आणि अंगावरच्या पिठासकट घराकडे निघालो. वाटेत भांडणाची सगळी वाक्यं जुळवली. पहिलं वाक्य त्या आचाऱ्याला, दुसरं हिला. हात शिवशिवत होते.

आमचं घर वरच्या मजल्यावर. जिन्याच्या पायथ्याशी खालच्या बिऱ्हाडातले म्हातारे आजोबा खुर्ची टाकून बसले होते. उमेदीची सगळी वर्षं यांनी बोटीवर आचाऱ्याचं काम केलं. आता सून त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही, फार पसारा करतात म्हणून. त्यांच्या मांडीवर आमची निळी चाळण होती. चाळणीत आमची फरसबी. उजव्या हातातली सुरी अशी भराभर चालली होती, की जुळवलेली वाक्यं मी विसरूनच गेलो.

आजोबांनी सुरी न थांबवता सगळं सांगून टाकलं. माझा वेळ जात नाही, तिला वेळ मिळत नाही, म्हणून मीच म्हटलं दे इकडे. पैशाबियशाचं काही नाही हो, उलट हात चालू राहतो. मला इतकं हलकं वाटलं, की त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ऐंशीच्या घरातला, तोंडात दात नसलेला माझा वैरी! मी हसतच जिना चढायला लागलो.

"आत्ता वर जाऊ नका," आजोबा मागून म्हणाले. "तिची वेळ आहे ती."

माझ्या बायकोची वेळ, माझ्याच घरात, आणि ती मला खालच्या बिऱ्हाडातल्या म्हाताऱ्याकडून कळावी! विझलेलं परत भडकलं. मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो आणि दार ढकललं.

ती खिडकीपाशी बसली होती. एका खुर्चीवर ती, दुसऱ्या खुर्चीवर तिचे पाय. हातात फोन नाही, पेपर नाही. केस ओले, मोकळे सोडलेले. चेहरा असा काही निवांत, की मी तो ओळखलाच नाही. लग्नाच्या आधी कधीतरी पाहिला असेल. मला पाहून ती दचकली नाही. कामात असताना कोणी मध्येच हाक मारली तर माणूस बघतो, तशी तिने माझ्याकडे पाहिलं.

"काय करतेयस?" मी विचारलं.

"बसलेय."

मी खोलीभर नजर फिरवली. कोणी नव्हतं. एकच कप, तोही रिकामा. मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं, आणि तरी माझी आग थांबेना. मी म्हटलं, रोज अशी बसतेस? ती हो म्हणाली. कसला विचार करत असतेस, तर म्हणाली, कसलाच नाही. माझा? ती खोटं बोलू शकली असती. पण तिने जरा आठवून पाहिलं आणि मान हलवून नाही म्हटलं.

आता कोणाची गचांडी धरायची? तो कॅन्टीनवाला असता तर किती बरं झालं असतं. दोन दिल्या असत्या, दोन खाल्ल्या असत्या. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. आठवडाभर आपण एकमेकांना जागेपणी पाहत नाही, आणि हिच्याजवळ रोज एवढा मोकळा वेळ पडलेला होता.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच रडका वाटला. "मालकाच्या हातापाया पडून लवकर सुटलो असतो. रोज आलो असतो."

"म्हणून तर नाही सांगितलं."

हे ती रागाने म्हणाली नाही, हेच वाईट. मग तिने समजावून सांगितलं. सकाळ पोरीची, दुपार काचांची, सुट्टी घराची आणि माझी. कारखान्यात तर पाणी प्यायलाही विचारून उठावं लागतं. म्हाताऱ्याने भाजी उचलली आणि हा तुकडा सुटला. मला सांगितलं असतं तर मी आलो असतो, भूक लागली म्हणालो असतो, नाहीतर आता मोकळीच आहेस तर पडदे धुऊन टाक म्हणालो असतो. मी म्हणालो नसतो असं म्हणणार होतो, तेवढ्यात पडद्यांकडे लक्ष गेलं. पडदे खरंच मळले होते.

"तुझा कंटाळा नाही आला मला," ती म्हणाली. "पण अजून थोडा वेळ आहे माझा. खाली बसतोस?"

मी माझ्याच घरातून बाहेर आलो आणि दार हळू ओढून घेतलं, आवाज न करता. आजोबांनी मला पाहिलं. सुनेला हाक मारून आतून आणखी एक सुरी मागवली, फरसबीची एक मूठ माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, हात चालवा. मी शेवटच्या पायरीवर बसलो. सुरी हातात घेतली आणि शेंगा जाडजाड, वाकड्यातिकड्या तोडायला लागलो. मुद्दाम. दोन शेंगांची देठंही काढली नाहीत. कळू दे तिला, मला काय वाटलं ते.

अर्धी मूठ झाल्यावर आठवलं, की दुपारी ताट उचलून ही फरसबी बघणार मीच आहे.