सम्मेदचं फाटक

"दोन मिनटं उघड की रं तुझं फाटक. पोरगी मॅटवर उतरंल आता."

"आप्पा, न्हाय जमत," खाटेशी उभा सम्मेद म्हणाला.

बापूसोंनी नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली आणि फोन छातीवर टेकवला. पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत होतं. माझी खाट त्यांना लागूनच. माझा पाय राधानगरीच्या जंगलात गव्याशी झुंजताना मोडला, असं मी सगळ्या वॉर्डाला सांगून ठेवलं होतं. मोरीत घसरलो, हे एकट्या डॉक्टरला ठाऊक.

सम्मेद हा बापूसोंचा मुलगा. याच हॉस्पिटलचं नेटवर्क तो सांभाळायचा. त्यानंच मला एकदा समजावलं होतं : सर्व्हरकडं जायचा रस्ता एकच आणि गर्दी उदंड. म्हणून आधी स्कॅनचे फोटो सोडायचे, मग रक्ताचे रिपोर्ट, मग औषधांची बिलं. व्हिडिओ बंद. मी नर्सला सांगायचो, की हा पोरगा तारेच्या आत शिट्टी घेऊन उभा असतो आणि क्रिकेटची गाडी दिसली की काठी आडवी घालतो.

गंमत सोडा. मागं एकदा सगळा वॉर्ड मॅच बघत बसला आणि अपघातात सापडलेल्या एका बाईच्या डोक्याचा स्कॅन डॉक्टरांच्या पडद्यावर अर्धाच येऊन अडकला. बाई वाचली. पण सम्मेदनं तेव्हा लावलेलं फाटक पुन्हा उघडलं नाही.

वॉर्ड तळघरात. मोबाइलची रेंज जिन्यातच जीव सोडायची. आणि तिकडं हरियाणात सम्मेदची मुलगी ऐश्वर्या कुस्ती खेळणार होती. कबनूरच्या घरामागं लाल माती टाकून तिला पहिला डाव शिकवला तो बापूसोंनी.

"एकट्या ह्यांच्या फोनला सोडता येत न्हाय व्हय रं?" मी विचारलं.

"येतं की, काका." तो माझ्याकडं न बघताच म्हणाला. "पर आज बापाला सोडलं, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं अडवू?"

आणि जिना चढून गेला.

"बरोबर हाय त्येचं," बापूसो म्हणाले. नजर मात्र त्या चक्रावरच.

मला राहवेना. मी त्यांच्या फोनकडं मान लांब केली. "अहो, आली की पोरगी! लाल कपडे. आणि हलगी ऐका, कशी कडाडतीया!"

"हलगी मातीच्या आखाड्यात. मॅटवर कुठली वो, पावणं?"

चोरी पकडली गेली.

बापूसो डोळे मिटून हसले. "थांबू नगा. समोरची कशी हाय?"

मग मी काय ऐकतो! समोरची एवढी थोराड केली, की तिला उभं राहायला मॅट पुरेना. ऐश्वर्यानं पट काढायला तिच्या पायाला हात घातला, ती निसटली. पुन्हा भिडल्या. बापूसोंची बोटं चादरीवर पकडी घेत होती.

"ढाक लाव म्हणावं," ते पुटपुटले.

"लावली! झाली चितपट!"

त्यांनी माझं मनगट धरलं आणि वर उचललं, जिंकणाऱ्याचं उचलतात तसं. क्षणभर दोघांचे हात वर राहिले. मग त्यांची पकड सुटली. मी नर्सला हाका मारल्या. ती धावत आली, डॉक्टर आले, पडदा ओढला गेला.

सुतक फिटल्यावर सम्मेद कामावर आला तो आधी माझ्याकडं. शेजारच्या खाटेवर नवं माणूस होतं. तो माझ्या पायथ्याशी बसला.

"नंतर नेटवर्कच्या नोंदी बघितल्या मी. त्या वक्ताला रस्ता मोकळा होता, काका. एक स्कॅन न्हाय, एक रिपोर्ट न्हाय. कुणीबी येत नव्हतं."

मी मोडका पाय सरकवून त्याला नीट बसायला जागा केली.

त्यानं फोन काढला. घरून उतरवून आणलेली कुस्ती होती त्यात. "पोरगी हरली. पयल्याच फेरीत."

पडद्यावर ऐश्वर्या मॅटवर येत होती. त्यानं फोन चादरीवर पालथा घातला.

"नर्स म्हणत हुती, आप्पास्नी तुम्ही निराळीच कुस्ती दावली."

मी मान डोलावली.

"ती सांगा," तो म्हणाला. "हलगीपासनं."