पिनकोडची पन्नाशी

दोन हजार बावीसच्या पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार, हे खराडीच्या 'हरितस्वप्न' सोसायटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच दिवशी पिनकोडलाही पन्नास वर्षं भरतात, हे ठाऊक असलेला माणूस मात्र एकच. दशरथराव, चौतीस वर्षं पोस्टमनकी करून निवृत्त झालेले. एकोणीसशे बहात्तरच्या स्वातंत्र्यदिनी देशाला पिनकोड मिळाला, हे झेंडावंदनाला दोन मिनिटं सांगायचं, एवढीच त्यांची हौस. चेअरमन रावसाहेब चार वर्षं ती उडवून लावत होते.

"पन्नाशी पुन्हा येत नाही, रावसाहेब."

"त्या दिवशी टपालाला सुट्टी असते. तुम्हीही घ्या."

वर निमंत्रणपत्रिकेत स्वतःच्या तिन्ही पदव्या मावेनात, म्हणून रावसाहेबांनी पत्त्यातली 'खराडी' आणि पिनकोडची ओळ काढून टाकली. उरलं 'हरितस्वप्न, पुणे'. याच बिल्डरनं हिंजवडीतही हरितस्वप्न बांधलंय, असं दशरथरावांनी सांगून पाहिलं. ऐकतो कोण?

प्रमुख पाहुणे होते एक निवृत्त कर्नल. त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. साडेसातला गेटवर रिक्षा थांबली आणि चमचमता काळा कोट घातलेले गृहस्थ पेटी घेऊन उतरले. रावसाहेबांनी हार घातला. पाहुण्यांनी एका हाराचे दोन करून दाखवले. लष्करात असं काही शिकवत असतील, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली.

झेंडावंदन नीट पार पडलं. मग रावसाहेबांनी माइक पुढे करून सीमेवरचे अनुभव विचारले. पाहुण्यांनी त्यांच्या कानामागून अंडं काढलं. रावसाहेबांनी ते दोन्ही हातांनी स्वीकारलं आणि सोसायटीतर्फे आभार मानले.

तेवढ्यात रावसाहेबांचा फोन वाजला. घाईत स्पीकर सुरू झाला.

"मी कर्नल बोलतोय. हिंजवडीत आहे. झेंडावंदन केलं मी. आता इथली मुलं कबुतर मागतायत. काढल्याशिवाय सोडत नाहीत."

जादूगार हिंजवडीच्या मुलांसाठी ठरवलेला होता; त्यालाही तिथल्यांनी नुसता 'हरितस्वप्न, पुणे' एवढाच पत्ता दिला होता. तो हळूच पेटी बंद करू लागला.

"दशरथराव," रावसाहेब पडेल आवाजात म्हणाले, "या, बोला. दोन काय, वीस मिनिटं बोला."

दशरथराव माइकपाशी गेले. खिशात चार वर्षं घड्या पडलेलं भाषण होतं. ते उघडलं आणि त्यांना भरून आलं, एक अक्षर दिसेना. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, आपलंच तेवढं राहून गेलं होतं. त्यांनी कागद पुन्हा खिशात ठेवला.

"चार, एक, एक, शून्य, एक, चार," ते म्हणाले. "एवढं छापलं असतं, तर कर्नल आले असते."

"पुन्हा सांगा," रावसाहेब म्हणाले. अंडं काखेत धरून ते कर्नलना पत्ता पाठवत होते. "सावकाश."

दशरथरावांनी एकेक आकडा सावकाश सांगितला. ही घोषणाच आहे असं वाटून पहिल्या रांगेतली मुलं उभी राहून प्रत्येक आकडा मागोमाग म्हणू लागली. मुलांचं पाहून आईबाप उठले. जादूगारानं कडक सॅल्यूट ठोकला. शेवटच्या चारला सगळी सोसायटी एका सुरात ओरडली.

दशरथराव खाली येऊन बसले तेव्हा बायको चंद्रभागाबाई कुजबुजल्या, "अहो, पण भाषण राहिलंच की."

"राहू दे," दशरथराव डोळे पुसत म्हणाले. "पोचलं."